ऑइल वाढलं कसं?



लावणी उरकली. खालचं शेवटचं खाचर गेल्या आठवड्यात लावून झालं. आता पाऊस जरा उघडीप देईल तेव्हा युरियाचा हप्ता. म्हणून आजची नोंद भाताची नाही, गाडीची आहे. काही जण म्हणतील, शेतीच्या पानावर मोटारसायकल कशाला? पण आपल्यातल्या कितीजणांचं खत, बियाणं, फवारणीचा पंप, दुधाची किटली आणि वेळ पडली तर आजारी माणूससुद्धा या दोन चाकांवरच जातं, हे तुम्हाला सांगायला नको. आणि दुसरं कारण म्हणजे यात चूक माझी आहे. पैसे वाचले ते खरं, पण त्याआधी घरातल्या एका पोराला फुकट बोललो.

गाडी बाबांची. हिरो होंडा स्प्लेंडर, २००३ ची, एमएच-०६ पासिंग. त्याआधी बाबा वीर स्टेशनपर्यंत सायकलने जायचे. १५ वर्षं झाली तेव्हा, २०१८ ला, पासिंग पुन्हा केलं, मग २०२३ ला आणखी एकदा. गावातली पोरं म्हणतात, काका भंगारात द्या, नवीन घ्या. द्यायची झाली तर किती येतील ते मला माहीत आहे, आणि तेवढ्यात नवीन गाडीचा डाउन पेमेंटसुद्धा होत नाही. बाबा आता चालवत नाहीत, गुडघे गेले. पण पडवीत बसून किकच्या आवाजावरून सांगतात, आज थंड आहे, आज चोक विसरलास.

लावणीच्या दिवसांत गाडी बारा दिवस पडवीत उभी होती. पुतण्याने कॉलेजला दांडी मारून आवण काढायला मदत केली, मीही चिखलातून बाहेर आलो नाही. लावणी संपल्यावर पुतण्या गाडी घेऊन महाडला कॉलेजला गेला आणि संध्याकाळी येऊन म्हणाला, "काका, गाडी ओढत नाय. धूर मारते. आणि वरून टकटक आवाज येतो."

मी सुरू करून बघितली. धूर होता. टॅपेट वाजत होतं. माझं डोकं फिरलं. म्हटलं, दोन-दोन पोरं मागे बसवून पळवतोस, अर्धा क्लच दाबून चालवतोस, इंजिन खाल्लंस तू. तो काही बोलला नाही. चावी खुंटीला अडकवली आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या एसटीने जायला लागला. त्या एसटीने गेलं की पहिला तास चुकतो, हे मला नंतर कळलं.

गाडी मिस्त्रीकडे नेली. त्याने उभ्या-उभ्या रेस देऊन धूर बघितला, आवाज ऐकला आणि सांगितलं, "रिंगा गेल्या. इंजिन बांधायला लागेल. बोअर, पिस्टन, टायमिंग चेन धरून साडेआठ हजार पकडा." भात विकून पैसे हातात यायला दिवाळी उजाडते. साडेआठ हजार म्हणजे माझ्या सगळ्या खताचे पैसे. म्हटलं, दोन दिवसांनी सांगतो. त्या माणसाला मी खोटारडा म्हणत नाही. बावीस वर्षांची गाडी, निळसर धूर, टॅपेटचा आवाज, दहातल्या आठ वेळा त्याचं बरोबरच निघालं असतं. पण त्याने एक गोष्ट केली नाही. ऑइलची कांडी बाहेर काढून बघितली नाही. मीसुद्धा तोवर नव्हती बघितली.

घरी आलो ते मनात धरून, की ऑइल संपलं असणार, टॅपेट कोरडं वाजतंय. नवीन ९०० मिलीचा डबा घेऊनच आलो होतो. बूच उघडून डब्याचं सील तोडणार, तेवढ्यात बाबा पडवीतून म्हणाले, "आधी मोज. मग ओत."

मोजलं. ऑइल कमी नव्हतं. वरच्या खुणेच्या वर जवळजवळ पेरभर होतं.

आता विचार करा. भात वाढतं, गवत वाढतं, ऑइल कसं वाढेल? इंजिनात ऑइल जळून कमी होतं, गळून कमी होतं. वाढायचं तर बाहेरून काहीतरी आत आलं पाहिजे. आणि आपल्या या गाड्यांना पाण्याचा रेडिएटर नाही, इंजिन हवेवर थंड होतं. म्हणजे आत येऊ शकतात अशा दोनच गोष्टी. पाणी नाहीतर पेट्रोल. (तिसरी म्हणजे कोणीतरी न मोजता डबा ओतला. तेही होतं, मी आत्ता तेच करणार होतो.)

इथे मोजण्याबद्दल एक सांगतो, कारण यात निम्मी माणसं चुकतात. गाडी मेन स्टँडवर, सपाट जागी. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करायचं आणि दोन-तीन मिनिटं थांबायचं, वरचं तेल खाली उतरू द्यायचं. कांडी बाहेर काढून फडक्याने पुसायची, परत भोकात नुसती टेकवायची, आटे फिरवायचे नाहीत. होंडाच्या जातीच्या गाड्यांना हीच पद्धत आहे. आटे फिरवून मोजलं तर कांडी खोल जाते आणि ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं, आणि मग कमी ऑइलवर गाडी पळत राहते. दुसऱ्या कंपनीच्या गाडीला पद्धत वेगळी असू शकते, काहींना तर कांडीऐवजी बाजूला गोल काच असते. आपल्या गाडीचं पुस्तक बघा. पण इंजिनात काही गडबड आहे असा संशय असेल तर मोजण्यासाठीसुद्धा सुरू करू नका, थंडच बघा. थंडीत थोडा फरक पडेल, पेरभर पडणार नाही.

पाणी म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला, कारण पाण्याने एकदा हेच इंजिन माझ्या हातून मेलं आहे.

२०२१ चा जुलै आपल्याकडे कोणी विसरणार नाही. २१ तारखेच्या रात्रीपासून सावित्री आणि गांधारी चढत गेल्या आणि २२ तारखेला महाड पाण्याखाली होतं. गाडी तेव्हा महाडला आत्याकडे ठेवलेली, पावसामुळे मी आदल्या दिवशी एसटीने घरी आलो होतो. त्याच २२ तारखेला तळियेत दरड कोसळली. ज्यांची माणसं गेली त्यांच्यापुढे गाडीचं दुःख सांगायलाही लाज वाटते, म्हणून तेव्हा कोणाजवळ बोललो नाही. पाणी उतरल्यावर गेलो तेव्हा गाडी आडवी पडलेली, हँडलपर्यंत गाळ. धुतली, प्लग काढला, सायलेन्सरमधून पाणी काढलं, ऑइल सोडलं. ऑइल कसलं, दुधाचा चहा. तसाच रंग. नवीन ऑइल भरलं, दहा-बारा किकांत सुरू झाली, आणि मी तशीच वीरपर्यंत चालवत आणली. काय आनंद झाला होता!

एकदाच बदललं, ही ती चूक. पाणी आणि ऑइल घुसळलं की ताकासारखं होतं आणि ते कोपऱ्याकोपऱ्यात चिकटून बसतं. क्लचमध्ये, गिअरांच्या मागे, आणि उजव्या बाजूच्या झाकणाखाली जी फिरणारी ऑइल साफ करायची डबी असते तिच्यात. या जुन्या स्प्लेंडरला कागदी फिल्टर नाही. ती डबी क्रँकबरोबर गरगर फिरते, घाण कडेला फेकली जाऊन तिच्यात साठते, आणि खाली एक जाळी असते. बाहेरून ऑइल बदललं तरी डबीतला गाळ तसाच राहतो. माझ्या डबीत सावित्रीचा गाळ बसला होता. दिवाळीपर्यंत खालून घरघर सुरू झाली, क्रँकचं बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉड गेले. त्या वर्षी सहा हजारांवर गेलं, तेही पुराच्या वर्षी.

पुरातली गाडी असेल तर काय करायचं ते आता मी असं सांगतो. किक मारायचीच नाही, सेल्फचं बटण तर मुळीच नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही, रॉड वाकतो. प्लग काढून हाताने चाक फिरवून पाणी बाहेर काढा. एअर फिल्टर, कार्बोरेटर, टाकी, सगळं रिकामं करा. जुनं ऑइल सोडा, स्वस्तातलं नवीन भरा, पाच-सात मिनिटं नुसती चालू ठेवा, गरम असतानाच सोडा, बघा. दुधाळ आलं तर परत. तिसऱ्यांदाही करावं लागतं. आणि उजवं झाकण उघडून ती डबी नि जाळी धुवून घ्या, पॅकिंग नवीन टाका. महाग वाटतं, पण क्रँकपेक्षा स्वस्त आहे.

असो. तर या वेळी पाणी की पेट्रोल?

कांडीवरचं ऑइल काळं होतं, दुधाळ नव्हतं. बुचाच्या आतल्या बाजूलाही पिवळसर फेस नव्हता. आता हा फेस कधीकधी पूर न येताही दिसतो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पावसाळ्यात घर ते शेत दोन किलोमीटर, शेत ते घर दोन किलोमीटर, एवढंच गाडी चालली तर इंजिन पुरतं तापतच नाही, आतली वाफ बाहेर पडत नाही, ती थंड झाकणाला धरते. भाताच्या हंड्यावरच्या झाकणाला धरते तशी. फक्त बुचाला थोडा फेस आणि खालचं ऑइल नितळ असेल तर घाबरू नका, गाडी एकदा माणगावपर्यंत नेऊन आणा, पुरती तापू द्या, जाईल. खालचं सगळंच दुधाळ असेल तर मात्र पाणी बाहेरून गेलंय.

तरी खात्री हवी म्हणून गाडी रात्रभर उभी ठेवली आणि सकाळी थंड असतानाच ड्रेन बोल्ट सैल केला. सगळा काढला नाही, दोन-तीन आटे. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाला बसतं, असेल तर पहिल्या धारेला तेच येतं. आलं ते ऑइलच. पण कसं? पाण्यासारखं पातळ. आणि वास! नाकाजवळ न्यायचीसुद्धा गरज नव्हती. पेट्रोल.

पाण्याची आणखी एक परीक्षा आहे, तापलेल्या पत्र्यावर एक थेंब टाकायचा, पाणी असेल तर तडतडतं, फोडणीत ओला कढीपत्ता पडल्यासारखं. पण पेट्रोलचा जरा जरी वास येत असेल तर ही परीक्षा करायची नाही. मी नाही केली. चूल बाजूलाच होती.

त्याऐवजी कागदावर थेंब टाकला. शेजाऱ्याची गाडी तशीच, ऑइलही साधारण तेवढंच चाललेलं. त्याच्या कांडीवरचा एक थेंब आणि माझा एक थेंब, एकाच वर्तमानपत्रावर शेजारी-शेजारी. आपले कृषी सहायक सांगतात ना, शेजारी बिनखताचा वाफा ठेवा म्हणजे फरक कळेल, तसं. त्याचा थेंब उभा राहिला, हळूहळू पसरला, मधे काळा गोळा आणि भोवती अरुंद कडा. माझा थेंब टाकल्या-टाकल्या पसरला, भोवती मोठं तेलकट कडं. बोटात धरून चोळलं तर त्याच्या ऑइलला चिकटपणा, माझ्याला काहीच नाही.

मग सगळं सोडलं. (मापाला फवारणीचा मग घेऊ नका, घरात एक कायमचा वेगळा डबा ठेवा.) साधारण सव्वा लिटर भरलं. ९०० मिली भरलेलं होतं, आणि बारा दिवस गाडी जागची हलली नव्हती.

धूर, ओढ नसणं, टॅपेटचा आवाज, तिन्हीचा उलगडा तिथेच झाला. पातळ ऑइल वरच्या कॅमपर्यंत जातं पण तिथे थर धरत नाही, म्हणून आवाज. जास्त झालेलं आणि पातळ झालेलं ऑइल रिंगेच्या बाजूने वर जळतं, म्हणून धूर. क्रँकला एवढ्यातून घुसळत जायचं म्हणून ओढ नाही. रिंगा गेल्या असत्या तर ऑइल कमी झालं असतं. ते वाढलं होतं. एवढा एक फरक, आणि तो बघायला कांडी बाहेर काढायची होती.

पेट्रोल आलं कुठून हे शोधायला अर्धा दिवस गेला. टाकीचा कॉक बघितला, चालू होता. आता इंजिन बंद असताना कॉक चालू राहिला तरी एरवी काही होत नाही, कारण कार्बोरेटरमध्ये फ्लोट असतो, पेट्रोल भरलं की तो वर येऊन सुई दाबतो आणि वाट बंद करतो. आपल्या विहिरीवरच्या टाकीतल्या चेंडूच्या नळासारखं. सुई काढून बघितली तर टोकाला वर्तुळाकार घळ पडलेली आणि खाली कचरा. म्हणजे वाट पुरती बंद होत नव्हती. तरीसुद्धा पेट्रोल इंजिनात जायला नको होतं, कारण जादा झालेलं खाली सांडून जायला एक बारीक नळी दिलेली असते. सांडलं असतं तर पडवीत वास आला असता, जमिनीवर डाग पडला असता, आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं असतं.

नळीत तार घातली. तार अडकली. जोर लावल्यावर आतून काय बाहेर आलं असेल? मातीची गोळी, वाळून दगड झालेली, आणि तिच्यामागे बारीक हिरव्या अळ्या. कुंभारीण माशीने नळीत घर केलं होतं!

हीच माशी परसातल्या वांग्यावरच्या अळ्या उचलून नेते म्हणून मी तिची घरं कधी मोडत नाही. भिंतीवर, खिडकीच्या कोपऱ्यात, वापरात नसलेल्या पंपाच्या नोझलमध्ये, कुठेही करते. बारा दिवस न हललेली गाडी, खाली लोंबणारी कोरडी नळी, तिला याहून चांगली जागा कुठली मिळणार? सांडायची वाट बंद झाली. या गाडीचं सिलिंडर आडवं आणि कार्बोरेटर त्याच्या डोक्यावर, तेव्हा भरून आलेलं पेट्रोल सरळ खाली इंजिनात. व्हॉल्व्ह उघडा होता, त्यातून सिलिंडरमध्ये, रिंगांच्या फटीतून थेंब-थेंब खाली ऑइलमध्ये. बारा दिवस.

राहिला प्रश्न कॉक कोणी चालू ठेवला. पुतण्या कॉक कधी विसरत नाही, बाबांनी त्याला पहिल्या दिवशी शिकवलंय. गाडी शेवटची मी आणली होती. महाडहून खताच्या दोन गोणी, वरून धो-धो पाऊस, गोणी भिजू नयेत म्हणून गाडी लावली, गोणी उचलल्या आणि आत पळालो. ते मला नीट आठवत होतं. आठवायला नको होतं असं वाटलं.

बाबांना सांगितलं. त्यांनी ती मातीची गोळी हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि म्हणाले, "चार दिस झालं पोरगा एसटीनं जातोय. बोललास तुझ्या तोंडानं, आता सांग पण तुझ्या तोंडानं."

रात्री जेवताना सांगितलं. कॉक मीच विसरलो, तुझी काही चूक नव्हती, मी बोलायला नको होतं. तो म्हणाला, "जाऊ दे ना काका." मग थोड्या वेळाने म्हणाला, "पण मी दोघांना बसवत नाय कधी. एकालाच बसवतो." तेवढंच. वहिनीने त्याला आणखी भात वाढला, कोणी काही बोललं नाही. तिच्याच पोराला मी तिच्यासमोर बोललो होतो.

दुरुस्तीचं सांगतो. फ्लोटची सुई नवीन, दीडशेच्या आत आली. कार्बोरेटर स्वच्छ. टाकीच्या कॉकची जाळी धुतली. प्लग काढून, प्लगची वायर ठिणगी पडणार नाही अशी बाजूला ठेवून, हळू चार किका मारून सिलिंडरमधलं पेट्रोल बाहेर काढलं, आणि मग उघड्यावर वाऱ्याला ठेवली. हे काम पडवीत नाही करायचं, विडी-काडी जवळ नाही, आणि वीज गेली म्हणून दिवा घेऊन तर अजिबात नाही. स्वस्त ऑइल भरून पाच मिनिटं चालवली, सोडलं, मग चांगलं ९०० मिली. उजवं झाकण उघडून डबीही बघितली, एकदा पोळलोय ना. दोन्ही वेळचं ऑइल, सुई, पॅकिंग मिळून हजाराच्या आसपास. सुरू झाल्यावर धूर आधी होता, मग कमी झाला, चार-पाच किलोमीटरवर बंद झाला. टॅपेटचा आवाज गेला. पातळ ऑइलवर ती महाडला जाऊन आली त्याने थोडीफार झीज झालीच असेल, ती परत येणार नाही. म्हणून दर रविवारी कांडी बघून दारामागच्या कॅलेंडरवर लिहितो.

सोडलेल्या ऑइलमध्ये लोहचुंबक फिरवून बघायची सवय मात्र सगळ्यांनी लावून घ्या. चुंबकाला करड्या पेस्टीसारखं थोडं लागलं तर ती नेहमीची झीज. चुऱ्याचे टोचणारे कण लागले तर गिअर नाहीतर बेअरिंग. चमचम दिसते पण चुंबकाला लागत नाही, ते ॲल्युमिनियम, पिस्टन किंवा हेड घासतंय. आणि नुसता काळा रंग बघून घाबरायचं काही कारण नाही. ऑइलचं कामच घाण स्वतःत घ्यायचं आहे.

धुराचंही थोडं. सकाळी पहिल्या किकला भसकन निळा धूर आणि मग बंद, तर बहुधा व्हॉल्व्ह सील, रात्रभर वरून थेंब-थेंब ऑइल उतरलेलं असतं. ते काम हजार-बाराशेत होतं, बोअर करावा लागत नाही. रेस दिली की कायम निळा धूर, प्लग तेलकट काळा, आणि कांडीवर दर आठवड्याला ऑइल कमी, तेव्हा रिंगा. हायवेचं काम चालू असताना लाल धूळ इतकी खाल्ली आपण सगळ्यांनी, गाड्यांनीही खाल्ली. फाटक्या एअर फिल्टरवर फिरलेल्या गाड्यांच्या रिंगा लवकर गेल्या त्या त्याच धुळीने.

गळती असेल आणि कुठून ते कळत नसेल, तर इंजिन रॉकेलने नाहीतर साबणाने धुऊन सुकवा आणि संशय आहे तिथे तांदळाचं पीठ भुरभुरवा. थोडी फिरवून आणा. ज्या जागी पीठ आधी ओलं होईल तिथून गळतंय. वाऱ्याने ऑइल मागे पसरतं म्हणून सगळेच खालचा ड्रेन बोल्ट पिळतात, आणि ॲल्युमिनियमचे आटे जातात. बोल्टचं वॉशर नवीन टाका, जोर नका लावू.

पोलादपूरच्या मेव्हण्याचा किस्साही यातच बसतो. त्याने पॉवर टिलरसाठी आणलेलं डिझेल इंजिनाचं ऑइल उरलं म्हणून गाडीत भरलं. सपाटीला ठीक, पण आंबेनळी घाटात चढावर इंजिन बोंबलतंय आणि गाडी पुढे जात नाही. त्याला वाटलं इंजिन कमजोर झालं. कमजोर नव्हतं, क्लच घसरत होता. मोटारसायकलचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, गिअरही त्यातच. कारच्या आणि काही डिझेलच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करायची औषधं असतात, ती क्लचला मारक. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए-२' लिहिलंय का ते वाचा, ते असेल तर मोटारसायकलच्या क्लचला चालतं. जाडी किती, ते गाडीच्या पुस्तकात आहे तीच. जुनी झाली म्हणून जाड ऑइल टाकायचं, हे माझ्या मते धूर लपवायचे धंदे आहेत, औषध नाही.

पेट्रोल मिसळलेलं ते सव्वा लिटर अजून कॅनमध्ये बंद करून गोठ्यापासून लांब ठेवलंय. आपल्याकडे काळं ऑइल वाळवीला म्हणून खांबाला लावतात, बांधावर ओततात. बांधावर ओतलेलं पुढच्या पावसात खाचरातच येतं. मी महाडला जुनं ऑइल घेणाऱ्याकडे देणार आहे, नांगराच्या फाळाला लावण्यापुरतं साधं जुनं ऑइल वेगळं आहे माझ्याकडे.

सोमवारी सकाळी पुतण्या चावी घेऊन निघाला. किक मारली, बाबा पडवीतून म्हणाले, "बरोबर हाय आता." संध्याकाळी आला, गाडी लावली, कॉक बंद केला आणि माझ्याकडे बघून हसला. नळीच्या तोंडाला त्याने बारीक जाळीचा तुकडा दोऱ्याने बांधलाय, मच्छरदाणीचा. पेट्रोल सांडलं तर खाली पडेल, माशी आत जाणार नाही. माशीने आता घर खिडकीच्या चौकटीत सुरू केलंय.

पुढची नोंद युरियाचा हप्ता टाकून झाल्यावर.